शहरालगतच्या वस्तीतील माणसांच्या सार्वजनिक नोंदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी नगर परिषदेच्या हद्दीला लागून असलेली नाचणे, कुवारबाव आणि मिरजोळे, चिपळूणजवळची खेर्डी, अलिबागच्या वेशीवरची चेंढरे आणि वेश्वी ही कागदोपत्री गावे आहेत; प्रत्यक्षात तेथे सोसायट्या, बंगले, भाड्याच्या खोल्या आणि जुनी कौलारू घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. अशा वस्तीत जागा घेताना, खोली भाड्याने देताना किंवा मुंबईला स्थायिक झालेले भाऊबंद शोधताना माणसांविषयीच्या अधिकृत नोंदी पाहण्याची वेळ येते. त्यासंबंधी नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे घेतले आहेत.

एखाद्याचे नाव टाकले की त्याची सर्व माहिती एका ठिकाणी मिळते का?

नाही, आणि तशी ती मिळत नाही हे योग्यच आहे. सरकारी दप्तर माणसांप्रमाणे लावलेले नसते. जमिनीची नोंद सर्व्हे नंबरावर, घराची मिळकत क्रमांकावर, खरेदीखताची दस्त क्रमांक व वर्षावर आणि दाव्याची नोंद न्यायालयाच्या क्रमांकावर लागलेली असते. नाव हा शोधाचा सर्वांत कच्चा धागा आहे. त्यातून कोकणात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत जुनी असल्यामुळे एकाच वाडीत, एकाच आडनावात, ‘गणपत पांडुरंग’ आणि ‘पांडुरंग गणपत’ पिढ्यान् पिढ्या आलटून पालटून येतात, आणि त्यांतला आपल्याला हवा तो कोणता हे नुसत्या नावावरून ठरत नाही. म्हणून आधी जागा निश्चित करावी: तालुका, महसुली गाव, वाडी आणि शक्य असल्यास सर्व्हे नंबर. जागेवरून माणसापर्यंत पोहोचता येते. माणसावरून जागेपर्यंत पोहोचताना बहुतेक जण चुकतात.

कोणत्या कार्यालयात जावे, हे कसे ठरवावे?

हद्दीवरून. टपालाच्या पत्त्यात ‘रत्नागिरी’ लिहिलेले असले तरी घर नाचण्याच्या हद्दीत असेल, तर घरपट्टीची आणि त्या हद्दीत घडलेल्या जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत असते, नगर परिषदेत नव्हे. जमिनीचे दप्तर तलाठी कार्यालयात असते (पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, बोलण्यात मात्र तलाठीच चालू आहे), नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालेल्या जागेचे दप्तर तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे आणि नोंदणीकृत दस्त दुय्यम निबंधकाकडे असतात.

जुन्या कागदांसाठी जिल्ह्यांचा इतिहासही ध्यानात ठेवावा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून, आणि रायगडचे १९८१ पूर्वीचे नाव कुलाबा होते. त्यामुळे मालवणच्या १९६० सालच्या कागदावर ‘जिल्हा रत्नागिरी’ दिसले म्हणून तो कागद बनावट ठरत नाही.

सातबारा कोणालाही पाहता येतो का, आणि तो कसा वाचावा?

होय. गाव नमुना सात-बारा हा सार्वजनिक अभिलेख आहे. राज्याच्या भूलेख संकेतस्थळावर तो माहितीसाठी विनामूल्य पाहता येतो आणि तेथे सर्व्हे नंबराबरोबरच पहिले नाव, मधले नाव, आडनाव किंवा संपूर्ण नाव टाकूनही शोध घेता येतो. कचेरीत किंवा बँकेत देण्यासाठी लागणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा वेगळ्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून घ्यावा लागतो. एका खातेदाराच्या नावे त्या गावात एकूण किती जमीन आहे, हे आठ-अ च्या उताऱ्यावर दिसते. माणसाप्रमाणे लावलेली जमिनीची नोंद हवी असेल तर तीच सर्वांत जवळची, पण तीही एका गावापुरतीच.

घाटावर गट नंबर चालतो. कोकणात अनेक गावांत अजून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर आहेत. एकाच सर्व्हे नंबराचे ३अ, ३ब, ३ब/१ असे तुकडे पडलेले असतात आणि अडीच गुंठ्यांच्या हिश्श्यावर वीस-पंचवीस नावे असणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. अशा उताऱ्यावर काही संक्षेप हमखास भेटतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: नाव एका भावाचे दिसत असले तरी तो सर्वांच्या वतीने नोंदलेला आहे, इतर भावांचा हक्क त्यामुळे संपलेला नाही. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: नोंद झाली तेव्हा खातेदार सज्ञान नव्हता आणि त्याच्या वतीने कोणी पालक होता. तो अज्ञान आज सत्तरीचा असू शकतो, उताऱ्यावर मात्र पालक तसाच बसलेला असतो. कंसात टाकून आडवी रेघ मारलेले नाव कमी झालेले असते आणि ते का कमी झाले, हे शेजारच्या फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) क्रमांकावरून कळते. हा क्रमांक टिपून घ्यावा आणि फेरफाराची (गाव नमुना सहा) नक्कल काढावी. माणसांविषयीची खरी माहिती फेरफारातच असते: कोण केव्हा वारला, वारस कोण, मुलींची नावे लागली की त्यांनी हक्कसोड करून दिली, जमीन कितीला विकली. निव्वळ सातबारा पाहून थांबणाऱ्याला कुटुंबाची अर्धी हकिगतही कळत नाही.

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे तोच मालक, असे समजावे का?

तसे गृहीत धरले जाते, पण ते गृहीतक खोडता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची असते. मालकीचा अखेरचा निकाल दिवाणी न्यायालय देते, तलाठी नव्हे.

कोकणात आणखी एक गुंता आहे. मुंबई खोती निर्मूलन अधिनियम, १९४९ ने खोती (गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताचा वंशपरंपरागत हक्क) गेली आणि १९४८ च्या कुळकायद्याने कुळाचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे नाव लागले. पण खोताचे वंशज, कुळाचे वंशज आणि त्या जमिनीत घर बांधून राहिलेली तिसरीच माणसे यांचे संबंध कागदावर आले नाहीत, अशी उदाहरणे गावोगाव आहेत. घर एकाचे, जमीन दुसऱ्याची आणि परड्यातले माड-आंबे तिसऱ्याचे, ही स्थिती येथे कोणाला विचित्र वाटत नाही. म्हणून ‘इतर अधिकार’ हा रकाना मालकाच्या रकान्याइतक्याच काळजीने वाचावा. कुळाचे नाव, बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा, वाटेचा हक्क, न्यायालयाचा मनाई हुकूम आणि ‘कुळकायदा कलम ४३ ला पात्र’ असा शेरा तेथेच असतो. या शेऱ्याची जमीन विकताना कायद्याने घातलेल्या अटी पाळाव्या लागतात, आणि त्या पाळल्या नसतील तर घेणारा अडचणीत येतो.

आमच्या भागात सातबारा बंद झाला असे सांगतात. मग काय पाहावे?

मालमत्ता पत्रक. नगर भूमापन झालेल्या ठिकाणी सि.स. (सिटी सर्व्हे) क्रमांकाप्रमाणे मालमत्ता पत्रक तयार होते आणि धारकाचे नाव, धारणाधिकार (जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे), क्षेत्र व बोजे त्यावर येतात. काही ठिकाणी पत्रक तयार झाले तरी सातबारा चालूच राहिलेला आढळतो आणि दोहोंवरची नावे जुळत नाहीत. असे दिसल्यास दोन्ही उतारे सोबत घेऊन भूमी अभिलेख कार्यालयात खुलासा मागावा. तो होईपर्यंत व्यवहार करू नये.

घरपट्टीच्या उताऱ्यावरून काय समजते?

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे लोक ज्याला असेसमेंटचा उतारा म्हणतात त्यात, घराचा क्रमांक, मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, बांधकामाचा प्रकार आणि कराची रक्कम असते. मालक आणि भोगवटादार हे दोन वेगळे रकाने आहेत, हे पाहणाऱ्याच्या नजरेतून पुष्कळदा सुटते. ही नोंद कर वसूल करण्यासाठी असते, तिच्याने मालकी सिद्ध होत नाही. मात्र त्या घरात प्रत्यक्ष कोण राहत आले, याचा तो चांगला माग आहे.

खरेदीखत, गहाणखत किंवा मृत्युपत्र दुसऱ्याला पाहता येते का?

हे दस्ताच्या प्रकारावर अवलंबून आहे आणि नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ मध्ये त्याचे नेमके उत्तर आहे. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये नोंदले जातात. ते पुस्तक आणि त्याच्या सूची कोणीही फी भरून पाहू शकतो व नक्कल घेऊ शकतो. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, नोंदणीकृत गहाणखत ही सर्व यात येतात. व्यवहारात प्रथम सूची क्रमांक २ पाहतात, कारण एका पानावर देणारा, घेणारा, मिळकतीचे वर्णन, मोबदला आणि तारीख मिळते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेवर वर्ष, गाव आणि सर्व्हे नंबर देऊन ती शोधता येते; संगणकीकरणापूर्वीच्या दस्तांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्यावा लागतो, आणि हे काम वकिलाकडून करून घेतलेले बरे.

मृत्युपत्राचे तसे नाही. ते पुस्तक क्रमांक ३ मध्ये असते आणि करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. त्याच्या मृत्यूनंतर मात्र कोणीही अर्ज करू शकतो. ‘काकांनी कोणाच्या नावे केले आहे ते आधीच बघून ठेवू’ हा बेत कायद्यातच बसत नाही. पुस्तक क्रमांक ४ मधील (संकीर्ण) दस्तांची नक्कल फक्त संबंधित पक्षकारांना व त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांना मिळते.

बिल्डरची पार्श्वभूमी कशी तपासावी?

महारेराच्या (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचे किंवा प्रवर्तकाचे नाव टाकावे. १ मे २०१७ पासून राज्यात ही व्यवस्था चालू आहे. मंजूर नकाशे, जमिनीच्या हक्काचा अहवाल, चालू दावे आणि पूर्णत्वाची तारीख तेथे दिसते. पण भूखंड ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही, आणि शहरालगतच्या गावांतील कितीतरी लहान इमारती याच सवलतीत बसतात. त्यांच्याबाबतीत सातबारा, बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी आणि सूची २ हे चारही कागद स्वतः पाहण्यावाचून गत्यंतर नाही. महारेरावर नाव नाही म्हणजे बिल्डर लबाड, असा अर्थ मात्र काढू नये.

जन्म-मृत्यूची नोंद दुसऱ्या कोणाला मागता येते का?

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ मध्ये नोंदीचा शोध घेण्याची आणि उतारा मिळण्याची तरतूद आहे. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही, ही मर्यादा कायद्यानेच घातली आहे. व्यवहारात कार्यालय अर्जदाराचे नाते आणि ओळखपत्र विचारते. वारस नोंदीसाठी, विम्यासाठी, असे कारण लेखी दिल्यास काम सुकर होते.

जुन्या नोंदींसाठी तहसील कार्यालयात जावे. गावच्या कोतवालाच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, मुलाचे नाव पुष्कळदा नसतेच. बापाचे नाव, जात, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि तारीख एवढेच असते. लिपी पुष्कळदा मोडी असते. जातीच्या दाव्याला पुरावा म्हणून या नोंदींना मोल आहे, कारण इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. शाळेच्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेश-निर्गमाचा उतारा यासाठी तितकाच उपयोगी आहे. मोडी वाचून घेताना लिप्यंतरावर वाचणाऱ्याची सही, तारीख आणि मूळ पानाचा क्रमांक असावा. नुसते तोंडी वाचन पुढे कामाला येत नाही.

सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव आहे आणि भाऊबंद मुंबईत कुठे आहेत ते माहीत नाही. त्यांना कसे शोधावे?

कोकणातला हा बहुधा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. सर्वप्रथम त्या खात्याचे सगळे जुने फेरफार काढून कागदावर वंशावळ उभी करावी. वारसांची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये होते, म्हणून तीही पाहावी. ज्या शाखेची नोंद मध्येच थांबली आहे, तिथल्या शेवटच्या माणसाचे घर कोणत्या वाडीत होते ते शोधावे आणि नमुना ८ वर सध्या घरपट्टी कोण भरते ते पाहावे. बंद घराची पट्टी भरायला कोणीतरी येतच असते, आणि ते बहुतेक वेळा गणपतीत किंवा शिमग्यात. यापुढचा माग सरकारी दप्तरात नसतो. गावच्या मानकऱ्यांना, देवस्थान समितीला आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाला विचारावे. वर्गणीच्या वहीत शाखांची जितकी नोंद असते तितकी तलाठ्याकडे नसते. मात्र ही माहिती खाजगी आहे. पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक मागण्याऐवजी आपला निरोप आणि आपला क्रमांक त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची विनंती करावी, म्हणजे बोलायचे की नाही हे त्यांच्या हाती राहते.

कोणी सापडत नाही म्हणून त्या शाखेला वगळून वारस नोंद करून घेणे हा उपाय नव्हे. अशा नोंदी पुढे अपिलात रद्द होतात आणि मधल्या काळात झालेला व्यवहारही गोत्यात येतो.

मतदार यादीवरून एखादा तेथे राहतो का, हे कळते का?

अंदाज येतो, खात्री होत नाही. यादी भागाप्रमाणे प्रसिद्ध होते आणि तीत नाव, नातेवाइकाचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असते. घर सोडून गेलेल्यांची नावे काही काळ राहतात, नव्याने आलेल्यांची अजून लागलेली नसतात, आणि वर्षानुवर्षे गावात राहणाऱ्या माणसाचे नाव डोंबिवलीच्या यादीत असू शकते.

कोर्टात दावा किंवा पोलिसांत गुन्हा आहे का, हे कसे पाहावे?

जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रकरणे ई-कोर्ट्स सेवेवर पक्षकाराचे नाव आणि वर्ष देऊन शोधता येतात. प्रकरणाला मिळालेला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असल्यास चूक होत नाही. उच्च न्यायालयाच्या बाबतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे सर्किट बेंच सुरू झाल्याने रत्नागिरी व सिंधुदुर्गची प्रकरणे तेथे चालतात. रायगड, ठाणे आणि पालघरसाठी मुंबईच आहे. जमिनीचे बरेच तंटे तहसीलदार किंवा प्रांत (उपविभागीय अधिकारी) यांच्यासमोर असतात, ते ई-कोर्ट्सवर दिसत नाहीत.

प्रथम खबर अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्ह्यांचे अहवाल त्यातून वगळले जातात. गुन्हा नोंदला जाणे आणि सिद्ध होणे यांत फार अंतर आहे. शिवाय नावाचे साधर्म्य असलेल्या भलत्याच माणसावर शिक्का बसण्याचा धोका वर सांगितलेल्या कारणाने आपल्याकडे जास्त आहे. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची किंवा बालकाची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

स्थळाची किंवा भाडेकरूची चौकशी या मार्गाने करावी का?

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. ती माहिती शेजाऱ्यांसाठी खुली नसते. भाडेकरूने आपला घरमालक खरा मालक आहे का हे सूची २ वर पाहण्यास मात्र काहीच हरकत नाही. लग्नाच्या स्थळाबाबत, विशेष विवाह अधिनियमाखालील विवाह प्रमाणपत्र पुस्तक पाहण्यासाठी खुले असते. त्यापलीकडे सरळ त्या कुटुंबाला कागद मागावेत. नात्याची सुरुवात चोरून काढलेल्या उताऱ्याने होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माहितीच्या अधिकारात दुसऱ्याची माहिती मागता येते का?

अर्ज कोणीही करू शकतो आणि कारण सांगावे लागत नाही. महाराष्ट्रात १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. न मिळाल्यास किंवा मान्य नसल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. वैयक्तिक माहितीबाबत मात्र दार बरेच लोटले गेले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीचे अपवाद-कलम बदलून अधिक व्यापक केले. कलम ८(२) शिल्लक आहे, म्हणजे व्यापक जनहित दाखवता आल्यास माहिती देता येते. म्हणून ‘अमुक यांची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज करण्याऐवजी ‘सर्व्हे नंबर अमुक वरील बांधकाम परवानगीची प्रत द्यावी’ असा करावा. पहिला अर्ज फेटाळला जातो, दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते.

आधार, मोबाइल क्रमांक, बँक खाते हे काढून देणारे एजंट असतात. त्यांची मदत घ्यावी का?

मुळीच नाही. आधार, पॅन, बँकेचे व्यवहार, कॉलचा तपशील आणि वैद्यकीय कागद या सार्वजनिक नोंदी नाहीत, आणि त्या पैसे देऊन मिळवणारा देणाऱ्याबरोबर स्वतःही अडकतो. मिळालेल्या सार्वजनिक नोंदीही जपून वापराव्यात: शेजाऱ्याचा उतारा पाहणे वैध आहे, पण तो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकून त्याच्या कर्जाची चर्चा घडवणे हा त्याचा योग्य वापर खचित नव्हे.

माझ्याच नावाची नोंद चुकीची आहे किंवा परस्पर बदलते आहे असा संशय आहे. काय करावे?

लेखनातील चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करावा आणि सोबत मूळ हस्तलिखित सातबारा व फेरफाराची नक्कल जोडावी, कारण संगणकीकरणात उतरवून घेताना झालेल्या चुका मूळ पानाशी ताडूनच सिद्ध होतात. हक्काचाच वाद असेल तर प्रांताकडे अपील आणि गरज पडल्यास दिवाणी दावा हा मार्ग आहे. परस्पर बदलाची धास्ती असणाऱ्यांनी, विशेषतः वर्षातून एकदाच गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी, ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर आपल्या गावचे प्रलंबित फेरफार अधूनमधून पाहावेत. नोटीस निघाल्यापासून हरकतीसाठी १५ दिवस असतात. त्या मुदतीत लेखी हरकत देऊन पोच घेतली की नोंद वादग्रस्त ठरते आणि दोन्ही बाजूंची सुनावणी झाल्याशिवाय ती प्रमाणित होत नाही.